ठसा आहे तोवर

कसबा पेठेत कुंभारवेशीच्या अलीकडे एका जुन्या वाड्यात आबा राहायचे. घराणं कुंभाराचं. थोरले भाऊ चाकावर बसले. आबांनी मात्र तरुणपणीच नदीपलीकडच्या एका टेनिस क्लबात नोकरी धरली. काम तिथेही मातीचंच होतं. पहाटे कोर्टाला पाणी मारायचं, ऊन चढायच्या आत रोलर फिरवायचा, फक्कीने रेषा आखायच्या, दोन सामन्यांच्या मधे जाळी ओढून माती सारखी करायची. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी संध्याकाळी त्यांचे पाय तिकडेच वळत. नव्या पोरांना पाण्याचा अंदाज येत नाही म्हणत ते स्वतःच पाइप हातात घेत.

त्यांचा नातू त्या कोर्टांच्या कडेलाच वाढला. आधी चेंडू गोळा करून द्यायचा, मग एका सभासदाने जुनी रॅकेट दिली, मग सरांनी त्याला सकाळच्या तुकडीत घेतलं. चौदाव्या वर्षी तो पुण्यातल्या कुमार गटात चांगला खेळाडू म्हणून ओळखला जाऊ लागला. त्याला खेळाइतकाच नाद होता एका वहीचा. पॅरिसच्या मातीवर होणाऱ्या फ्रेंच ओपनमध्ये पुरुष एकेरी जिंकणाऱ्यांची नावं त्याने त्या वहीत पहिल्या वर्षापासून उतरवली होती. डावीकडे साल, उजवीकडे नाव, खाली जमेल तेवढी माहिती. रात्री जेवणं झाली की ओट्यावर बसून तो आबांना ती वाचून दाखवायचा.

"आबा, पहिला विजेता १८९१ चा, ब्रिग्ज. होता इंग्रज, पण राहायचा पॅरिसमध्ये. तेव्हा फक्त फ्रान्समधल्या क्लबांच्या सभासदांनाच खेळता यायचं. १९२५ पासून स्पर्धा सगळ्या जगाला खुली झाली."

"मग बाहेरच्यांनी लगेच जिंकली असेल."

"उलटंच झालं. १९२५ ते १९३२ अशी आठही वर्षं फ्रेंचांनीच जिंकली. हेन्री कोशे चारदा, रेने लाकोस्त तीनदा आणि जाँ बोरोत्रा एकदा. यांच्यासोबत चौथा होता जाक ब्रुन्यों, तो दुहेरीतला. या चौघांनी १९२७ मध्ये अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप आणला. पुढच्या वर्षी तो राखायचा होता, म्हणून पॅरिसमध्ये नवं स्टेडियम बांधलं. तेच रोलाँ गॅरोस."

"हा गॅरोस कितीदा जिंकला?"

"एकदाही नाही! तो वैमानिक होता. १९१३ मध्ये विमानाने भूमध्य समुद्र ओलांडणारा पहिला माणूस. महायुद्धात १९१८ साली मारला गेला. स्टेडियमला त्याचं नाव दिलं."

आबांना या सगळ्यात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच होती. पॅरिसचं लाल कोर्ट म्हणजे विटांचा चुरा असतो, आणि तोही जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा थर. त्याच्या खाली चुनखडी, त्याखाली कोळशाची खंगर आणि त्याखाली खडी, हे नातवाने सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. "म्हणजे भाजलेली माती की रे. आमच्याच भट्टीतली." त्या दिवसापासून पॅरिसचं कोर्ट त्यांना घरचं वाटू लागलं.

नातू पुढे वाचत जायचा. केन रोझवॉल १९५३ ला जिंकला आणि पुन्हा पंधरा वर्षांनी १९६८ ला, व्यावसायिक खेळाडूंना स्पर्धा खुली झाली त्याच वर्षी. ब्योर्न बोर्ग सहा वेळा. १९८३ ला यानिक नोआ. त्याच्यानंतर एकही फ्रेंच पुरुष नाही. मग राफाएल नदाल. त्याच्यासाठी वहीचं एक पान कमी पडलं होतं. २००५ ते २०२२ या काळात चौदा विजेतेपदं. त्या मातीवर ११६ सामने खेळला, त्यांतले ११२ जिंकला. शेवटच्या ओळीवर २०२४, कार्लोस अल्काराझ.

"या वहीत एक दिवस माझं नाव येईल," असं तो म्हणायचा. आबा हसून मान डोलवायचे.

त्या वर्षी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात क्लबाच्या कोर्टांवर कुमार गटाची स्पर्धा होती. अशा स्पर्धांत सुरुवातीच्या फेऱ्यांना पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं असतं. खेळ सगळा त्या शब्दावर चालतो. मातीवर एक सोय अधिक असते. चेंडू जिथे टेकतो तिथे त्याचा लांबट ठसा उमटतो. शंका आली तर प्रतिस्पर्ध्याने विचारायचं आणि आपण ठशावर बोट ठेवायचं.

नातू उपांत्यपूर्व फेरीत पोचला. समोर साताऱ्याचा मुलगा होता. तो एरवी सिमेंटच्या कोर्टावर खेळणारा, मातीवर पहिल्यांदाच आलेला. पहिल्या सेटमध्ये त्याचे पाय घसरत होते. दुसऱ्यात त्याने माती ओळखली आणि सेट घेतला. तिसरा सेट ५-४ वर आला. सर्व्हिस नातवाची, गुण ४०-३०. एक गुण मिळाला की सामना संपणार होता.

चेंडू बराच वेळ इकडून तिकडे फिरला. शेवटी साताऱ्याच्या मुलाने सगळा जीव लावून एक लांब फटका मारला. चेंडू मागच्या रेषेच्या कडेवर पडला. फक्की किंचित उडाली. नातवाने ती पाहिली, आणि त्याच क्षणी त्याचं बोट वर गेलं. "आउट!"

समोरचा मुलगा जागीच उभा राहिला. मग ठसा पाहायला जाळीकडे निघाला. नातवानेही जाळीकडे पाऊल टाकलं, आणि टाकता टाकता उजव्या बुटाचा तळवा त्या जागेवरून फिरवला. साताऱ्याचा मुलगा जाळीपाशी पोचला तेव्हा पाहायला काहीच उरलं नव्हतं. तो क्षणभर थांबला, हात पुढे केला, पिशवी उचलली आणि गेला. नातवाने कार्यालयात जाऊन गुण नोंदवले. मित्रांनी त्याला उचलून घेतलं.

पुढच्या सामन्यासाठी माती सारखी करायला आबा जाळी घेऊन आत आले. त्यांनी ती लगेच ओढली नाही. मागच्या रेषेपाशी ते थोडा वेळ वाकून उभे राहिले. रेषेच्या फक्कीवर एक कड पुसट उडालेली होती आणि तिच्यालगत बुटाचा अर्धगोल फराटा होता. सगळं आयुष्य त्या मातीवर ठसे वाचण्यात गेलेल्या माणसाला आणखी काही कळायची गरज नव्हती. त्यांनी जाळी ओढली, पाणी मारलं आणि घरी आले.

रात्री आईने शिरा केला होता. जेवून नातू ओट्यावर आला. आबांनी अजून शाबासकी दिली नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

"वही आण," आबा म्हणाले. "१९८२ वाच."

"मॅट्स विलँडर. स्वीडनचा. सतरा वर्षांचा. मानांकनही नव्हतं. आदल्या वर्षी तिथेच मुलांची स्पर्धा जिंकला होता. अंतिम सामन्यात गिलेर्मो विलासला हरवलं."

"त्याच्या आधीचा सामना?"

"उपांत्य फेरी. अर्जेंटिनाच्या होजे-लुईस क्लर्कशी. चार सेटमध्ये जिंकला." वहीत एवढंच होतं.

"मी सांगतो," आबा म्हणाले. "तेव्हा मी क्लबात कामाला होतो. एक म्हातारे सभासद होते, ते पेपर वाचून सगळ्यांना सांगायचे. मला त्या दिवशी मुद्दाम बोलावून सांगितलं. म्हणाले, तू ठसे सांभाळणारा माणूस, तू हे ऐक. विलँडरने पहिले दोन सेट घेतले होते. तिसरा क्लर्कने ६-१ असा उडवला. चौथा अटीतटीचा झाला. शेवटच्या गुणावर क्लर्कचा फटका बाहेर पडला, असा निकाल दिला गेला. सामना संपला. सतरा वर्षांचं पोर अंतिम फेरीत! लोक उठून उभे राहिले. आणि तो पोरगा पंचांकडे गेला. म्हणाला, चेंडू आत होता, हा गुण पुन्हा खेळवा."

नातू काही बोलला नाही.

"गुण पुन्हा खेळवला. तोही विलँडरच जिंकला, आणि दोन दिवसांनी स्पर्धाही."

"मग काय फरक पडला आबा? शेवटी जिंकला तोच ना."

"आपल्याला माहीत आहे, तो जिंकला. त्याला माहीत होतं का? तिसरा सेट हातचा गेलेला, चौथा डळमळतोय, तो गुण गेला असता तर पाचवा सेट. समोर त्याच्याहून मोठा, मुरलेला खेळाडू. त्या घडीला त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की चेंडू आत पडला. तेवढ्यावर तो बोलला. पुढे जिंकला हा त्याचा खेळ. जिंकणं हे त्या बोलण्याचं मोल नव्हतं."

बराच वेळ दोघंही गप्प बसले. मग नातू हळूच म्हणाला, "तुम्ही पाहिलंत?"

"मी माती पाहिली."

मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला जिंकायचंच होतं आबा. उद्या उपांत्य फेरी आहे. इतक्या जवळ येऊन..."

"जवळ येऊन हरणाऱ्यांचीच नावं आहेत की तुझ्या वहीत. तूच वाचून दाखवलीस. जिंकण्याआधी फेडरर त्या मातीवर नदालपुढे किती वेळा हरला?"

"२००५ ला उपांत्य फेरीत. मग २००६, २००७, २००८ ला अंतिम सामन्यात. २००९ ला जिंकला."

"जोकोविच?"

"तीन अंतिम सामने हरला. २०१६ ला जिंकला. अगासी १९९० आणि १९९१ ला लागोपाठ अंतिम सामने हरला. १९९९ ला दोन सेट मागे पडून जिंकला. लेंडल १९८१ ला बोर्गकडून हरला. १९८४ ला मॅकेन्रोविरुद्ध दोन सेट मागे होता, तिथून जिंकला."

"आणि ज्यांची नावंच नाहीत असे?"

"सॅम्प्रस. चौदा ग्रँड स्लॅम जिंकला, पण पॅरिसला कधीच नाही. उपांत्य फेरीच्या पुढे गेला नाही. बेकर नाही, एडबर्ग नाही, मॅकेन्रो नाही."

"मग ते लहान झाले का?"

मुलाने मान हलवली. आबा म्हणाले, "हरणं तुझ्या वहीतल्या सगळ्यांना पचलं. तुला आज एक गुण पचला नाही. तेवढंच झालंय. आता काय करायचं ते तू ठरव. मी कुणाला सांगणार नाही."

रात्रभर मुलाला झोप लागली नाही. उजाडताच तो सायकल काढून शनिवारवाड्यावरून, शिवाजी पुलावरून थेट क्लबात गेला. स्पर्धेचे मुख्य पंच टेबलावर त्या दिवसाचा कार्यक्रम लावत होते. त्यांच्यापुढे उभं राहून त्याने सगळं सांगितलं. चेंडू आत होता. मी बाहेर म्हणालो. ठसा मी पुसला.

पंचांनी पेन खाली ठेवलं. "तुला नियम माहीत आहे? पंच नसलेल्या सामन्यात ज्याने ठसा पुसला, त्याने चेंडू आत असल्याचं मान्य केलं, असं धरतात. त्या मुलाने काल मला जागेवर बोलावलं असतं तर गुण त्याला मिळाला असता, सामना पुढे चालला असता. पण तुम्ही हात मिळवलेत, गुण नोंदवले गेले. आता निकाल बदलता येत नाही."

"मी माघार घेतो. त्याला उपांत्य फेरीत खेळवा."

"तसंही होत नाही. तू माघार घेतलीस तर पुढच्या मुलाला चाल मिळेल. काल हरलेला परत येत नाही."

मुलाने माघार घेतली. पुढच्या मुलाला न खेळता अंतिम फेरी मिळाली, आणि साताऱ्याच्या मुलाला काहीच मिळालं नाही. तो रात्रीच्याच एस.टी.ने घरी गेला होता. सरांनी फोन लावून दिला. नातवाने त्यालाही सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

पलीकडून आधी काही आवाज आला नाही. मग तो मुलगा म्हणाला, "मला माहीत होतं रे. फक्की उडालेली मलाही दिसली. पण मातीवर कधी खेळलो नव्हतो. ठसाच दिसेना, मग कुणाला बोलवायचं ते सुचलं नाही." थोडं थांबून तो पुढे म्हणाला, "आज सांगितलंस, बरं वाटलं. पण काल म्हणाला असतास तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही.

घरी येऊन नातवाने आबांना ते शब्द सांगितले. खरं बोललो, तरी छातीवरचं ओझं का उतरत नाही, हे त्याला कळत नव्हतं. खरं बोललं की सगळं पूर्वीसारखं होतं, असंच तो आजवर ऐकत आला होता.

आबा म्हणाले, "माझे वडील चाकावरून मडकं उतरवलं की सगळीकडून न्याहाळायचे. ओल्या मडक्यावर ओरखडा असला तर ओलं बोट फिरवून मिटवायचे. म्हणायचे, आत्ता बोटाने होतंय ते भट्टीतून काढल्यावर हातोड्यानेही व्हायचं नाही. चुकीचंही तसंच आहे. काल त्या क्षणी तू एक शब्द बोलला असतास तर गुण बरोबरीत आला असता, दोघं पुढे खेळला असतात. आज तू सामना सोडलास, मान खाली घातलीस, आणि तरी त्याचं काही भरून आलं नाही. आज बोललास ते चांगलंच केलंस. न बोलण्यापेक्षा लाख पटीने चांगलं. पण ते तुझ्यासाठी झालं. त्याच्यासाठी काही करायची वेळ तेवढीच होती, ठसा होता तोवरची."

त्या वर्षी पुण्यात पाऊस मे महिन्यातच आला. कोर्टं ओली राहिली, खेळ थांबला, आणि नातू घरी बसून पॅरिसचे सामने पाहू लागला. २५ मे रोजी, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी, नदालचा सत्कार झाला. मुख्य कोर्टाच्या कडेला त्याच्या पावलाचा ठसा असलेली पट्टी कायमची बसवली गेली. त्या कोर्टावरचे बाकी सगळे ठसे दर दिवशी पुसले जातात. हा एक राहणार.

पुढच्या रविवारी, १ जूनला, चौथ्या फेरीत अल्काराझ अमेरिकेच्या बेन शेल्टनशी खेळत होता. शेल्टनचा फटका त्याच्या आवाक्याबाहेर चालला होता. अल्काराझने झेप घेतली, चेंडू त्याच्या रॅकेटला लागून शेल्टनच्या बाजूला पडला आणि गुण त्याला मिळाला. लोक टाळ्या वाजवू लागले. तेवढ्यात अल्काराझ पंचांकडे गेला. चेंडू लागला तेव्हा रॅकेट माझ्या हातातून सुटलेली होती, असं त्याने स्वतःहून सांगितलं. रॅकेट हातात नसेल तर गुण धरत नाहीत. गुण शेल्टनला दिला गेला. पंचांच्या ध्यानात न आलेली गोष्ट, सांगितली नसती तरी खपून गेली असती.

नातू ओरडतच आबांना बोलवायला धावला. "आबा, त्याने लगेच सांगितलं! पुढचा गुण सुरू व्हायच्या आत!"

८ जूनला अंतिम सामना यानिक सिनरशी झाला. अल्काराझ पहिले दोन सेट हरला. चौथ्या सेटमध्ये सिनरला विजेतेपदाचे तीन गुण मिळाले; तिन्ही अल्काराझने वाचवले. पाच तास एकोणतीस मिनिटं चाललेला तो सामना फ्रेंच ओपनमधला आजवरचा सर्वांत लांबलेला अंतिम सामना ठरला, आणि अल्काराझ जिंकला. नातवाने २०२५ ची ओळ लिहिली. खरं बोलला म्हणून तो जिंकला, असं त्याने लिहिलं नाही. विलँडरबद्दल आबा जे म्हणाले होते ते त्याच्या नीट लक्षात होतं.

दिवाळी झाली. थंडीत पुन्हा स्पर्धा सुरू झाल्या. त्याच कोर्टावर, पंच नसलेल्या सामन्यात, नातू तिसऱ्या सेटमध्ये मागे होता. ४-५, आणि समोरच्याला सामना जिंकायला एक गुण हवा होता. एक सपाट, वेगवान फटका त्याच्या डावीकडे मागच्या कोपऱ्यात पडला. इतक्या वेगात, की समोरच्या मुलाला तो कुठे पडला ते कळलं नाही. तो रॅकेट खाली धरून नुसता वाट पाहत उभा राहिला.

नातवाने वळून पाहिलं. ठशाची एक कड, नखाएवढी, रेषेवर होती. बाकी सगळा ठसा बाहेर. "आउट" म्हटलं असतं तर समोरच्याने वाद घातला नसता.

"आत," तो म्हणाला. मोठ्याने, कुंपणापलीकडच्यांनाही ऐकू जाईल असं. मग जाळीपाशी जाऊन त्याने हात पुढे केला. तो सामना तो हरला.

सर त्याला म्हणाले, "फारच जवळचा होता रे. ठसा पाहायला तरी बोलवायचंस त्याला."

"मी पाहिला होता सर. तेवढं पुरे होतं."

आबा कुंपणाशी उभे होते. त्यांनी नातवाच्या पाठीवर हात ठेवला आणि मे महिन्यात राहून गेलेली शाबासकी त्या दिवशी दिली.

आपल्या हातून घडलेलं चुकीचं आपल्याला सर्वांत आधी दिसतं, आणि ते दिसतं त्या क्षणी सुधारणं सर्वांत सोपं असतं. तेव्हा एक शब्द पुरतो. तो क्षण गेला की तेच काम सामना सोडूनही होत नाही, माफी मागूनही पुरतं होत नाही, कारण ज्याचं नुकसान झालं तो तोवर घरी निघून गेलेला असतो. म्हणून खरं बोलायला उद्याची वाट पाहू नये. समोरचा अजून समोर उभा आहे, मातीत ठसा अजून आहे, तोवरच बोलावं. मग गुण जावो, सामना जावो.